बाबांचं सगळं खरं होतं

"बाबांचा एकही मुद्दा मला खोडता येत नाही. मग त्यांना नाही म्हणायचा मला काय हक्क?" इंदूरच्या लोकमान्य नगरातून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली ती मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

बाबा 74 वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलेली, तरी रोज स्कूटरवरून राजवाड्यापर्यंत फेरी. त्यांचं म्हणणं असं: 40 वर्षांत एक अपघात नाही, परवाना अजून दोन वर्षं चालतो, आणि भाजीसाठीसुद्धा कुणाच्या तोंडाकडे बघायचं तर जगायचं कसलं? तिन्ही गोष्टी खऱ्या. मुलगी मात्र महिनाभर त्याच खोडत बसली होती. "तुम्हाला आता चालवता येत नाही" हे ऐकून ते दुखावले आणि हट्टाला पेटले.

मी तिला म्हटलं, खरं आहे ते मान्य कर. समोरच्या पारड्यात काय आहे ते मग बघू.

पुढच्या वेळी तिचे बाबा, म्हणजे काका, स्वतः आले. खिशात फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर कुठवर पोचते ते तपासणाऱ्या चाचणीचा कागद, चार घड्या घातलेला. तो टेबलावर उलगडला. कडेचा बराच भाग काळा होता.

"काका, तुमचं सगळं पटतं मला. पण या काळ्या भागातून एखादं पोर धावत आलं तर?"

"दिसेल की! मला कुठे काळं दिसतंय?"

काचबिंदूची गोम हीच. कडेची नजर हळूहळू जाते, मेंदू ती जागा आपल्या परीने भरून काढतो, त्यामुळे काही गेलंय हे माणसाला बरेचदा कळतच नाही. गेलेली नजर परतही येत नाही. काकांची ती 40 वर्षं शाबूत नजरेची होती. परवानाही जुन्या तपासणीवरचा.

अशा वेळी मी दोन गोष्टी बघते: चूक झाली तर निस्तरता येईल का, आणि ती भोगणार कोण? स्कूटर उगाच सोडली असं वाटलं तर पुन्हा काढता येईल. त्या पोराचं काय, त्याला तर कुणी विचारलेलंही नाही. माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी स्पष्टच सांगितलं.

काका बराच वेळ कागदावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "आणि भाजीचं?"

"मी आणीन ना," मुलगी पटकन बोलली. मी तिला थांबवलं. काकांना हवं होतं ते कुणाला न विचारता घराबाहेर पडणं, आणि ते मागणं अजूनही तितकंच रास्त होतं. शेवटी ओळखीचा ई-रिक्षावाला ठरला. फोन काका करणार, पैसे काकांचे.

किल्ली त्यांनी स्वतःच देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. स्कूटर अंगणात उभी आहे. ती विकायचा विषय मुलीने काढलेला नाही.