हाताला मुंग्या येतात ना, आधी बोटं बघ

अगं, रात्री हात बधिर होऊन जाग येते म्हणतेस, तर उठल्या उठल्या कुठली बोटं बधिर आहेत ते बघ. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर बहुधा मनगटातल्या बोगद्यात, म्हणजे हाडांपाशी असलेल्या अरुंद वाटेत, मीडियन नावाची नस दाबली जातेय. करंगळी बधिर असेल तर ती अल्नर नस, आणि ती जास्त करून कोपरापाशी अडकते. अंगठ्याखालचा तळवाही बधिर असेल तर दाब कोपराखालच्या स्नायूंतही असू शकतो, कारण मीडियन नसेची तळव्याकडे जाणारी फांदी त्या बोगद्यातून जातच नाही.

मी दोन वर्षं नुसती मलमं चोळली. ठाण्याहून ऐरोलीला जाताना लोकलमध्ये फोन धरलेला हात सारखा झटकायचे, तरी डॉक्टरकडे गेले नाही. तू असं करू नकोस. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांध, पण आवळू नकोस. शुगर, थायरॉईड तपासून घे. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना नर्व्ह कंडक्शन टेस्टचं, म्हणजे नसेतून संदेश नीट जातोय का ते बघणाऱ्या तपासणीचं, विचार.

आणि चहाचा कप हातून सुटायला लागला, अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग सपाट दिसायला लागला, तर एक दिवसही थांबू नकोस. सुकलेला स्नायू परत भरेलच असं नाही गं.