रशियन ‘ऊ मिन्या येस्त्’ आणि आपलं ‘माझ्याकडे आहे’

नाशिकच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांची मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी कझानला जाणार आहे आणि दोघी मिळून एका इंग्रजी पुस्तकावरून रशियनची तयारी करत आहेत. त्या लिहितात: “‘या’ म्हणजे मी, हे पहिल्याच धड्यात शिकलो. मग ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ याला ‘ऊ मिन्या येस्त् क्नीगा’ का म्हणतात? त्यात ‘या’ कुठे गेला? ‘येस्त्’ म्हणजे आपलं संस्कृत ‘अस्ति’च का? आणि तसं असेल तर ‘मी विद्यार्थिनी आहे’ याचं रशियन नुसतं ‘या स्तुद्येन्त्का’ कसं, तिथे ‘येस्त्’ का नाही?”

ताई, तुमचं पुस्तक इंग्रजी वाचकासाठी लिहिलेलं आहे, म्हणून त्याला हे वाक्य समजावताना खटपट करावी लागते. इंग्रजीत माणूस वस्तू ‘बाळगतो’, त्यामुळे वाक्याचा कर्ता ‘मी’. रशियनमध्ये वस्तू माणसापाशी ‘असते’, त्यामुळे कर्ता पुस्तक. मराठीतही कर्ता पुस्तकच आहे की! ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ या वाक्यात ‘मी’ कुठे आहे? तो ‘माझ्या’ झाला आणि त्याला ‘कडे’ लागलं. रशियनमध्ये ‘या’चा ‘मिन्या’ झाला आणि त्याच्या आधी ‘ऊ’ लागला. ‘ऊ’ म्हणजे कडे, पाशी, जवळ. आपण शब्दयोगी अव्यय शब्दानंतर जोडतो, रशियन ते शब्दाच्या आधी ठेवतं, एवढाच फरक. ‘या’ आणि ‘मिन्या’ एकमेकांसारखे दिसत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. संस्कृतात ‘अहम्’ आणि ‘माम्’ तरी कुठे सारखे दिसतात? हा तोच जुना फरक आहे.

हा ‘ऊ’ आपल्या ‘कडे’च्या किती जवळचा आहे, ते वस्तू सोडून माणसांकडे वळलं की जास्त कळतं. ‘या झिवू ऊ त्योती’ म्हणजे मी मावशीकडे राहते. (त्योत्या म्हणजे मावशी, आत्या दोन्ही, आपल्याइतकी बारकाई तिथे नाही.) ‘ऊ व्राचा’ म्हणजे डॉक्टरकडे. आणि ‘ऊ नास’ म्हणजे आमच्याकडे, अगदी आपण म्हणतो त्या सगळ्या अर्थांनी: आमच्या घरी, आमच्या गावात, आमच्या देशात. ‘ऊ नास जिमोय खोलदना’, आमच्याकडे हिवाळ्यात थंडी असते. हे वाक्य तुमच्या मुलीला कझानमध्ये पुष्कळदा ऐकू येईल, आणि तिला ते डोक्यात उलथंपालथं करावं लागणार नाही. एक सांभाळायचं: ‘डॉक्टरकडे आहे’ आणि ‘डॉक्टरकडे जाते’ दोन्हींना आपल्याकडे ‘कडे’ चालतं. रशियन ‘ऊ’ फक्त असण्याला लागतो. जाण्यासाठी वेगळा शब्द, ‘क’, आणि पुढे चतुर्थी: ‘क व्राचू’.

आता ‘येस्त्’. हो, ते ‘अस्ति’चं सख्खं भावंड आहे. शेवटच्या ‘त्’मध्ये किंचित ‘य’ मिसळलेला असतो, तो देवनागरीत नीट दाखवता येत नाही, ऐकूनच उचलावा लागतो. जुन्या रशियनमध्ये हे क्रियापद पुरतं चालायचं: येस्म्, येसी, येस्त्, आणि अनेकवचनात सूत्. बाजूला अस्मि, असि, अस्ति, सन्ति ठेवून वाचा. यातला ‘येसी’ आजही चर्चमधल्या प्रार्थनेत टिकून आहे, ‘ईझे येसी ना न्येबेसेख’, म्हणजे जो तू आकाशात आहेस. आणि त्या ‘न्येबेसेख’मध्ये आपलं ‘नभस्’ बसलेलं आहे. आजच्या भाषेत आकाश एकवचनी ‘न्येबा’ असतं, पण अनेकवचन केलं, ‘निबिसा’, की ‘नभस्’मधला तो लपलेला स् पुन्हा वर येतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसले होते.

या सगळ्या रूपांपैकी रोजच्या बोलण्यात एकटं ‘येस्त्’ उरलं आणि त्याचं कामही बदललं. ‘मी अमुक आहे’ अशी सांधणी करण्याचं काम त्याने सोडलं. म्हणून ‘या स्तुद्येन्त्का’, मी विद्यार्थिनी. आपणही ओळख करून देताना ‘हा माझा भाऊ, ही माझी बहीण’ एवढंच म्हणतो, ‘आहे’ गाळतो. रशियन तिथे नेहमीच गाळतं: ‘एता मोय ब्रात, एता माया सिस्त्रा’. (‘मोय’ आणि ‘माया’ म्हणजे माझा आणि माझी, नपुंसकलिंगी ‘मायो’ म्हणजे माझं. तीन लिंगांची सवय आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. लिंगं मात्र शब्दागणिक नव्याने शिकावी लागतात, कारण घर तिथे पुल्लिंगी आहे, खिडकी नपुंसकलिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी.)

‘येस्त्’कडे राहिलं ते अस्तित्वाचं काम: आहे की नाही, एवढंच सांगायचं. दुकानात हे फार स्पष्ट दिसतं.

“मलको येस्त्?”
“येस्त्.”
“आ ख्ल्येप?”
“ख्ल्येबा न्येत.”

दूध आहे? आहे. आणि ब्रेड? ब्रेड नाही. आपल्या वाण्याच्या दुकानात रोज याच क्रमाने, एवढ्याच शब्दांत हे बोलणं होतं. उत्तरात नुसतं ‘आहे’ म्हणण्याची आपली सवय रशियनमध्ये जशीच्या तशी चालते. ‘मलको’चा उच्चार मात्र लक्षात ठेवा. लिहिताना त्यात तीन ‘ओ’ आहेत, पण आघात शेवटच्यावर असल्यामुळे तेवढाच ‘ओ’ म्हणून उच्चारला जातो, आधीचे दोन ‘अ’सारखे होतात. मॉस्कोचं ‘मस्क्वा’ होतं ते याच नियमाने.

मग ‘माझ्याकडे’ म्हटलं की दर वेळी ‘येस्त्’ लावायचं का? नाही, आणि इथेच नवशिके घसरतात. ‘ऊ मिन्या येस्त् माशिना’, माझ्याकडे गाडी आहे. गाडी आहे की नाही, हाच मुद्दा. पण गाडी आहे हे गृहीत धरून ती कशी आहे हे सांगायचं असेल तर ‘ऊ मिन्या नोवाया माशिना’, माझी गाडी नवी आहे. ‘येस्त्’ गळालं. ‘तिचे डोळे निळे आहेत’ याला ‘ऊ न्येयो गलुबीये ग्लाजा’ म्हणायचं. तिथे ‘येस्त्’ घातलं तर तिला डोळे आहेत, अशी बातमी दिल्यासारखं वाटतं. मराठी वाक्य बघून ठरवायचं असेल तर एक खूण सांगते. ‘माझ्याकडे’ किंवा ‘मला’ने सुरू होणारं वाक्य ‘आहे की नाही?’ या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर ‘येस्त्’ हवं. ‘कसं आहे, किती आहे, काय झालंय’ याचं उत्तर असेल तर बहुधा नको.

आता ‘नाही’. ‘न्येत’ म्हणजे जुनं ‘न्ये’, म्हणजे न, त्याला ‘येस्त्’चंच झिजलेलं रूप चिकटलेलं आणि शेवटी ‘इथे’ अशा अर्थाचा एक छोटा शब्द. आपल्याकडेही आहे-नाही, आहेस-नाहीस, आहेत-नाहीत हे जोड्याजोड्यांनी चालतात. पण रशियन न्येत पुरुष-वचन काही बघत नाही, सगळीकडे एकच. त्याऐवजी तो शेजारच्या नामाला षष्ठीत ढकलतो. ब्रात म्हणजे भाऊ, पण ‘ऊ मिन्या न्येत ब्राता’. ख्ल्येप म्हणजे ब्रेड, पण ‘ख्ल्येबा न्येत’. शिकताना मी ‘घरात साखरेचा दाणा नाही’ हे वाक्य मनात धरायचे. नसलेली वस्तू आली की ‘-चा’ आणि षष्ठी. त्यावरून रशियनमध्येही ‘साखारा न्येत’ आपोआप यायला लागलं. साखर तिथे ‘साखार’ आहे, संस्कृत ‘शर्करा’ पाली-प्राकृतातून ग्रीकपर्यंत गेली आणि पुढे सगळीकडे पोचली, आणि चहा आहे ‘चाय’. ‘चाय स साखारम’ मागितला की साखर घातलेला चहा हातात येतो.

‘ब्राता’ हे रूप तुम्हाला लवकरच आणखी एका जागी भेटेल, आणि तिथे इंग्रजी पुस्तक परत दोन पानं खर्च करेल. ‘या वीझू स्तोल’, मी टेबल पाहते. ‘या वीझू ब्राता’, मी भावाला पाहते. सजीव पुल्लिंगी नाम कर्म झालं की रूप बदलतं, निर्जीव असेल तर बदलत नाही. या नियमाला तिथे मोठं नाव आहे. आपण ‘टेबलाला पाहते’ म्हणत नाही आणि ‘भाऊ पाहते’ही म्हणत नाही, का, ते कुणी शिकवलेलं नसतं. स्त्रीलिंगी नामांचा हिशोब थोडा वेगळा आहे, तो पुढे येईलच.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगायची आहे, कारण मी हीच चूक पुण्याच्या संध्याकाळच्या वर्गात महिनाभर करत होते. मराठी ‘मला’ फार ठिकाणी येतं. ‘मला आवडतं’, ‘मला थंडी वाजते’ इथे रशियनही चतुर्थीच घेतं: ‘म्न्ये न्रावित्सा’, ‘म्न्ये खोलदना’. हे जुळलेलं पाहून इतका आनंद झाला की मी सगळीकडे ‘म्न्ये’ लावत सुटले. ‘मला एक भाऊ आहे’ याला मी ‘म्न्ये येस्त् ब्रात’ म्हणायचे. ते चूक. नातेवाईक, आजार, गाडी, डोळे, सगळं ‘ऊ मिन्या’च्याच खात्यात जातं. आपण नात्यांना ‘मला’, वस्तूंना ‘माझ्याकडे’ आणि अवयवांना ‘माझं’ असं वाटून घेतलं आहे, रशियनने तसं केलेलं नाही. आणि नाव सांगताना तिसराच प्रकार: ‘मिन्या जवूत मीरा’, मला मीरा म्हणतात. ही द्वितीया आहे, ‘ऊ’ नाही आणि ‘म्न्ये’ही नाही. तेव्हा ‘मला’ दिसलं की आधी विचारायचं: मला काय? वाटतं, की आहे, की म्हणतात?

भूतकाळात ‘येस्त्’ बाजूला होतं आणि संस्कृत ‘भू’चं भावंड पुढे येतं. ‘ऊ मिन्या बिला माशिना’, माझ्याकडे गाडी होती. (हा ‘बि’मधला इ म्हणताना जीभ थोडी मागे ओढायची.) क्रियापद गाडीच्या लिंगाप्रमाणे चालतं: पुल्लिंगी ‘बिल’, स्त्रीलिंगी ‘बिला’, नपुंसकलिंगी ‘बीला’. ‘तो गेला, ती गेली, ते गेलं’ म्हणणाऱ्याला यात नवं काहीच नाही. अगदी ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा फरकही तिथे आहे. दोन्हीकडच्या भूतकाळात ‘ल’ आहे हे पाहून मात्र नातं जोडू नका. आपला ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययातून आला आहे आणि त्यांचा स्लाव्हिक धातुसाधितातून; लक्षात ठेवायला सोयीचा, एवढंच.

उच्चारांत एका गोष्टीचा तुम्हाला फायदा आहे. रशियनमध्ये ‘च’ आणि ‘त्स’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. पहिलं आपल्या ‘चहा’तला च, दुसरं ‘चमच्या’तला. दोन्ही आपल्या तोंडात असतातच, फक्त आपण ते एकाच अक्षराने लिहितो. वर मी जिथे जिथे ‘ज’ लिहिला आहे, तो ‘जहाजा’तला समजा.

शेवटी, तुमच्या मुलीसाठी खास. वर्ग इंग्रजीतून असले तरी रुग्ण रशियनच बोलणार, आणि रुग्णाचं पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी ‘ऊ मिन्या’नेच सुरू होतं. ‘ऊ मिन्या बलीत गलवा’, माझं डोकं दुखतंय. ‘ऊ मिन्या बल्यात ग्लाजा’, डोळे दुखतायत. ‘बलीत’चं ‘बल्यात’ झालं ते ‘दुखतं’चं ‘दुखतात’ होतं तसंच. दुखणारा अवयव कर्ता आहे. ‘ऊ मिन्या तिम्पिरातूरा’, मला ताप आहे, आणि इथे ‘येस्त्’ नाही हे तिच्या लक्षात येईल. तिला स्वतःला एकच प्रश्न आधी पाठ करायला सांगा, ‘श्तो ऊ वास बलीत?’, तुमचं काय दुखतंय? ‘वास’ म्हणजे ‘तुम्ही’चं तेच रूप, जे ‘मी’चं ‘मिन्या’. वडीलधाऱ्या रुग्णाशी ‘वास’च वापरायचं; ‘तुझं काय दुखतंय’ला ‘ऊ तिब्या’ म्हणतात, ते लहान मुलांसाठी.