तिसऱ्या धावपट्टीच्या भरवशावर ब्रिटनला येऊ नका

तुम्ही लिहिले आहे की नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर काम केल्यानंतर लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीची बातमी तुमच्या वाचनात आली आणि आता सहकुटुंब इथे येण्याचा विचार आहे. मी गेली बारा वर्षे इथल्या विमानतळांच्या डांबरीकरणाच्या कामांवर आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: या देशात धावपट्टी जाहीर होण्यापासून बांधली जाईपर्यंत एखाद्या अभियंत्याची अख्खी नोकरी संपून जाते. मोठ्या विमानतळावर पूर्ण लांबीची नवी धावपट्टी शेवटची झाली ती 2001 साली, मँचेस्टरला. लंडनच्या परिसरात तर कित्येक दशकांत तशी एकही झालेली नाही.

हीथ्रोला 2009 मध्ये सरकारने होकार दिला, 2010 मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. 2018 मध्ये संसदेत 415 विरुद्ध 119 मतांनी प्रस्ताव मंजूर झाला, फेब्रुवारी 2020 मध्ये अपील न्यायालयाने त्यामागचे सरकारी धोरण बेकायदा ठरवले आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने पुन्हा पाठिंबा दिला, तीच बातमी तुम्ही वाचलीत. अडचण तंत्राची नाही, जागेची आणि शेजाऱ्यांची आहे. लंडनभोवतीचा एम-25 महामार्ग बोगद्यात घ्यावा लागेल आणि हार्मंड्सवर्थ गावाचा मोठा भाग पाडावा लागेल. त्या गावात पंधराव्या शतकातले ओकच्या लाकडाचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. ते पाहिल्यावर गावकऱ्यांच्या विरोधाला आडमुठेपणा म्हणणे मला जमले नाही.

लंडनच्या दुसऱ्या मोठ्या विमानतळाला, गॅटविकला, सप्टेंबर 2025 मध्ये विस्ताराची परवानगी मिळाली खरी, पण तिथे राखीव धावपट्टीची मध्यरेषा 12 मीटर उत्तरेला सरकवून ती नियमित वापरात आणायची आहे; म्हणजे तीही पूर्णपणे नवी धावपट्टी नव्हे.

तुमच्यासारख्यांना काम आहे ते जुन्या धावपट्ट्या जिवंत ठेवण्याचे. उलवे टेकडी फोडून आणि नदी वळवून तुम्ही विमानांची ये-जा नसलेल्या जागेवर बांधलेत. इथे शेवटचे विमान उतरल्यावर पट्टी ताब्यात मिळते आणि पहाटेच्या विमानांपूर्वी ती परत द्यावी लागते. तेवढ्या वेळात जुना थर खरवडायचा, गरम डांबर अंथरून रोलर फिरवायचा, दिवे पुन्हा बसवायचे आणि शेवटी एक खडादेखील इंजिनात जाऊ नये म्हणून झाडूगाडी फिरवून पायी पाहणी करायची. दुपारचा पाऊस रात्री थांबला नाही तर ती पाळी वाया जाते.

म्हणून देखभालीची दीर्घ कंत्राटे असलेल्या आणि व्हिसा प्रायोजित करण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांकडेच अर्ज करा. त्या अर्जात चालू विमानतळावर ठरावीक वेळेत पुरी केलेली कामे ठळकपणे लिहा, आणि प्रायोजकाचे पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका.