लिंकन: आधी गाव की आधी माणूस?

प्रश्न दुहेरी आहे. इंग्लंडमधल्या लिंकन शहराला अब्राहम लिंकनचं नाव दिलं आहे का? आणि स्पेलिंगमधला दुसरा 'एल' उच्चारात जातो कुठे?

शहर कितीतरी आधीचं. तिथल्या डोहावरून स्थानिक केल्टिक लोक त्या जागेला 'लिंड'सारखं काहीतरी म्हणत. रोमनांनी त्याचं 'लिंडुम' केलं. पुढे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली, म्हणून 'लिंडुम कोलोनिया'. दोन्ही शब्द घासून घासून 'लिंकन' झाले. स्पेलिंगमधला तो 'एल' म्हणजे 'कोलोनिया'तला 'ल'. जिभेने सोडला, लेखणीने धरून ठेवला. जर्मनीतलं कोलोन शहरही याच 'कोलोनिया'चं. म्हणजे ताप चढला की कपाळावर ठेवायच्या यूडीकोलनच्या घडीशीही लिंकनचं नातं निघतं!

आता आडनाव. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव चिकटत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. माणूस बाहेर पडला की चिकटतं. आपल्याकडे त्याला 'कर' लागतो, इंग्रजीत बहुधा नुसतं गावाचं नावच आडनाव होतं. अब्राहमचा पूर्वज सॅम्युएल लिंकन 1637 मध्ये अमेरिकेत गेला तो लिंकनहून नव्हे, इंग्लंडच्याच नॉरफक परगण्यातल्या हिंगमहून.

गोंधळ होतो तो इथून पुढे, कारण आडनाव परत गावांना लागलं. नेब्रास्काची राजधानी लिंकन, पूर्वीची लँकेस्टर, 1867 मध्ये अब्राहमच्या नावाने ओळखली जाऊ लागली. इलिनॉयमधल्या लिंकन गावाला तर 1853 मध्येच, तो साधा वकील असताना, त्याचं नाव मिळालं. लिंकन मोटारही त्याच्याच नावाची. पण ऑस्ट्रेलियातलं पोर्ट लिंकन नाही. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सने 1802 मध्ये आपल्या लिंकनशर परगण्यावरून ते नाव ठेवलं, अब्राहम जन्मला 1809 मध्ये.

असा फेरा आपल्याकडेही होतो. मंगेशीवरून मंगेशकर, आणि पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. फरक इतकाच की 'कर' मध्ये असल्याने नाव गावावरून आलं की माणसावरून, हे ऐकताक्षणी कळतं. इंग्रजीत ती सोय नाही, दर वेळी सनावळी काढून बसावं लागतं.