फ्लॅट तपासणाऱ्याचा परवाना आणि ताबापत्रावरची तारीख

याच आशयाची पत्रं हल्ली वरचेवर येतात, म्हणून हे उत्तर एकाच वाचकाला असलं तरी बाकीच्यांनीही आपापले कागद काढून बसावं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅटचा ताबा घेऊन चार वर्षं दहा महिने झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. दीड वर्षापूर्वी तुम्ही इंटरनेटवरून एक ‘सर्टिफाइड होम इन्स्पेक्टर’ बोलावलात. त्याने ६२ पानी अहवाल दिला, तो तुम्ही बिल्डरच्या साइट इंजिनिअरला व्हॉट्सअॅपवर पाठवलात. ऑफिसातून तोंडी उत्तर आलं, की हा माणूस सरकारमान्य नाही, करारनाम्याप्रमाणे सर्व्हेअर लागेल. तेव्हापासून तुम्ही त्या इन्स्पेक्टरचा परवाना शोधताय, त्याचा पूर्वेतिहास काढताय, आणि आता विचारताय की अहवाल बाद ठरेल का आणि त्याच्यावर फसवणुकीची केस करता येईल का.

तुमच्या हातात दोन महिने उरलेत. आधी त्याबद्दल बोलू.

रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर खरेदीदार यांच्यातल्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे, ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातला दोष, किंवा कारागिरीचा, दर्जाचा, सेवासुविधांचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. केला नाही तर तुम्ही भरपाईला पात्र ठरता. हे वाक्य पुन्हा वाचा. त्यात इन्स्पेक्टर नाही, अहवाल नाही, कोणाचा परवाना नाही. दोष ‘निदर्शनास आणून देणं’ एवढीच तुमच्याकडून अपेक्षा आहे, आणि ते पाच वर्षांच्या आत. हे काम एका साध्या पत्राने झालं असतं. तुम्ही ते दीड वर्ष केलं नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं की. कायद्याने कळवण्याचा ठरावीक नमुना सांगितलेला नाही, त्यामुळे तो मेसेज अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण तो कोणाला गेला? साइट इंजिनिअरला. तो आता नोकरी सोडून गेलाय असं तुम्हीच लिहिलंय. तो मेसेज बिल्डरला मिळाला होता हे सिद्ध करत बसण्यापेक्षा आज नव्याने कळवणं कितीतरी सोपं आहे. दोन महिन्यांनंतर मात्र हा सोपा मार्ग बंद होईल आणि सगळी भिस्त त्या एका मेसेजवर राहील. तो पुसू नका, फोन बदलू नका.

आता तो सर्व्हेअर. करारनाम्याचं जे पान तुम्ही पाठवलंत ते मी नीट वाचलं. त्यात म्हटलंय की दोषाची जबाबदारी मागण्यापूर्वी तज्ज्ञ म्हणून ‘नामनिर्देशित सर्व्हेअर’ नेमून त्याचा अहवाल घेणं आवश्यक राहील. हे वाक्य पुष्कळ बिल्डरांच्या करारनाम्यांत जसंच्या तसं सापडतं. पण त्याला नेमायचं कोणी, किती दिवसांत, त्याची फी कोणी द्यायची, यावर त्यात एक अक्षर नाही. ‘सरकारमान्य’ हा शब्द तर कुठेच नाही, तो ऑफिसातल्या माणसाने तोंडी जोडला आणि तुम्ही त्याच्यामागे धावलात. शिवाय महाराष्ट्राच्या रेरा नियमांना जोडलेल्या नमुना करारनाम्यातच नमूद आहे, की कायद्याशी विसंगत असलेलं कलम मुळातूनच रद्द समजलं जाईल. कायदा म्हणतो पाच वर्षांत कळवा. करारनामा म्हणतो, कळवण्याआधी आमच्या अटीचा माणूस आणा. माझ्या मते ही अट कायद्यापुढे टिकू नये. समोरचा वकील अर्थातच उलट बाजू मांडेल आणि निकाल काय लागेल हे मी छातीठोक सांगणार नाही. म्हणूनच नोटीस अशी लिहायची, की या वादाची वेळच येऊ नये.

नोटिशीत दोष तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहा. कुठली भिंत, कोणत्या पावसाळ्यापासून, ओल जमिनीपासून किती उंचीवर, नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) बाजूने की पाइपच्या बाजूने. अहवाल सोबत जोडा, पण नोटीस त्याच्यावर उभी करू नका. मग लिहा: करारनाम्याच्या अमुक कलमाखाली आपल्याला सर्व्हेअर नेमायचा असेल तर सात दिवसांत नेमावा, पाहणी माझ्या आणि माझ्या तज्ज्ञाच्या समक्ष व्हावी, आणि आपण न नेमल्यास कलम १४(३) ची ३० दिवसांची मुदत त्यामुळे लांबणार नाही. करारनाम्यात पत्रव्यवहाराचा पत्ता आणि ईमेल दिलेला असतो. त्या दोन्हींवर पाठवा, टपाल पोचपावतीसह. बिल्डिंगच्या गेटवरच्या ऑफिसात देऊन सही घेणं हे जास्तीचं म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका.

परवान्याचा प्रश्न लवकर संपतो. आपल्याकडे घर तपासण्याच्या व्यवसायाला वेगळा सरकारी परवानाच नाही. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, स्ट्रक्चरल इंजिनिअरला महापालिकेचा परवाना असतो, नोंदणीकृत मूल्यांकनकार असतात पण ते किंमत ठरवतात, ओल शोधत नाहीत. ‘होम इन्स्पेक्टर’ यांपैकी कशातच बसत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात यासाठी परवाना लागतो आणि तो मिळवताना बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासून घ्यावा लागतो, पण त्याच देशात कॅलिफोर्नियात असा परवाना नाही. तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावरचा सोनेरी शिक्का एका खासगी संस्थेच्या सभासदत्वाचा आहे. तो खोटा आहे असं नाही, पण त्याला कायद्याचं बळ नाही.

म्हणून अहवाल बाद होतो का? नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाच्या मताबद्दल आहे आणि ते त्या विषयातलं विशेष ज्ञान बघतं. त्यात परवान्याची अट नाही. शिवाय रेरा प्राधिकरणाने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालावं असं कलम ३८ सांगतं, तिथे पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके ताठर नसतात. प्रश्न अहवालाच्या वजनाचा येईल.

आणि तिथे मला एक गोष्ट खटकली, जी तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. अहवालाच्या शेवटून चौथ्या पानावर वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आहे. त्यावर नाव दुसऱ्या फर्मचं आहे, पण मोबाइल नंबर अहवालावरचाच. म्हणजे दोष शोधणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच. समोरचा वकील त्या पानावर बोट ठेवील आणि विचारील, याला दोष सापडण्यातच फायदा होता ना? इन्स्पेक्टर नेमताना पूर्वेतिहास बघायचा तो हा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला गुन्ह्यांबद्दल सांगेल. घरात अनोळखी माणूस घेण्यापूर्वी तो मागायला हरकत नाही. पण त्याची पदवी काय, आणि दुरुस्तीच्या कामात त्याचा हात आहे का, हे त्या दाखल्यात कधीच दिसणार नाही.

तरीही तो अहवाल टाकून देऊ नका, कारण तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलेलं वाक्य सगळ्यांत धोक्याचं आहे. गेल्या दिवाळीआधी तुम्ही बाथरूमची फरशी स्वतः उखडून नवी घातलीत. बिल्डरला लेखी न कळवता! करारनाम्याच्या त्याच पानावर लिहिलंय की खरेदीदाराने फरशी, प्लंबिंग यांत फेरबदल केल्यास दोषाची जबाबदारी संपेल. बिल्डर आता म्हणणार, ओल तुमच्या कामामुळे आली. याला उत्तर देणारा एकच कागद तुमच्याकडे आहे आणि तो हाच अहवाल, कारण त्याची तारीख फरशी बदलण्याच्या आधीची आहे. पान १७ वर पॉन्डिंग टेस्ट नोंदवलीय: नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली, ४८ तासांनी खूण आणि पाणी यांत अंतर पडलं होतं, आणि पलीकडच्या बेडरूममध्ये मॉइश्चर मीटरचे आकडे वाढले होते. चारही फोटोंवर तारीख-वेळ आहे. कोणीही शिकलेला माणूस हे वाचून समजू शकतो, परवाना असो वा नसो.

त्या फोटोंच्या मूळ फाइल्स इन्स्पेक्टरकडून आजच मागवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेले नकोत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागेल, त्यावर त्याची सही लागू शकते. आणि ज्याच्याकडून ही सही हवी त्याच्यावर तुम्ही फौजदारी तक्रार करायला निघालायत. आत्ता तरी ते करू नका. त्याने ‘सरकारी परवानाधारक’ असं लेखी म्हटलं असेल तर ती बाब वेगळी, मग ग्राहक आयोगात जाता येईल. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि त्यातलं दीड वर्ष संपलंय, हे लक्षात असू द्या.

नोटीस गेली की महापालिकेचा परवाना असलेला, दुरुस्तीचं काम न घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि दोन-तीन पानांचा छोटा अहवाल घ्या. त्याला एक गोष्ट मुद्दाम तपासायला सांगा: वरच्या फ्लॅटमधून तर पाणी येत नाही ना? तसं असेल तर भांडण बिल्डरशी राहत नाही, वरच्या सभासदाशी आणि सोसायटीशी होतं, आणि या पत्रातला निम्मा सल्ला गैरलागू ठरतो.

३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली तक्रार. नुकसानभरपाई किती, हे न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. प्राधिकरण आणि हा अधिकारी, दोन्हीकडे ६० दिवसांत निकालाची अपेक्षा कायद्यात लिहिली आहे. ग्राहक आयोगालाही तीन महिने, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात कुठल्याही मंचावर तारखा लांबतात, आणि हे मला वर्षानुवर्षं छळतं, कारण त्या काळात भिंत ओलीच राहते आणि माणसं वैतागून स्वतः दुरुस्ती करून पुरावा घालवतात. तुम्ही तसं करू नका. अगदीच राहवलं नाही, तर आधी बिल्डरला लेखी कळवून, फोटो काढून, बिल घेऊनच हात लावा.

शेवटचं, तारखेबद्दल. तुम्ही चार वर्षं दहा महिने कशावरून मोजलेत ते लिहिलेलं नाही. ताबापत्रावर एक तारीख असते, भोगवटा प्रमाणपत्रावर (इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्यावर) दुसरी, आणि ‘ताबा घ्यायला या’ या पत्रावर तिसरी. कायद्याची मुदत ताबा दिल्यापासून धरायची, पण बिल्डर सोयीची तारीख धरील. तिन्ही कागद काढा, त्यातली सर्वांत आधीची तारीख घ्या आणि नोटीस त्या हिशेबाने पाच वर्षं पुरी होण्याआधी त्याच्या हातात पडेल असं बघा. त्या तारखेने मुदत या आठवड्यातच संपत असेल, तर वकिलाचीही वाट बघू नका. स्वतःच्या हाताने लिहून आज संध्याकाळीच ईमेल करा.