वातीचे डबे: तडकलेले काठ, पांढरा थर आणि तोंडावर आलेला मृग

निपाणीच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी गेल्या वर्षी रंगाच्या २० लिटरच्या बादल्या एकात एक बसवून वातीचे सहा डबे केले. खाली पाणी, वर माती, मधे पाणी मातीत चढवणारी वात आणि बाजूने पाणी भरायची नळी. हिवाळा संपेपर्यंत सगळं छान चाललं. या उन्हाळ्यात मात्र दोन बादल्यांचे काठ तडकले, मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर आला आणि एका डब्याला कुजका वास सुटला. सासूबाई म्हणतात, डासांचं घर कशाला पाळायचं, मातीच्या कुंड्या आणा. तर डबे टाकून द्यावेत का?

टाकू नका. तडकलेल्या दोन बादल्या गेल्या असं धरलं तरी चार डबे वाचतात, आणि वासाचा डबा तर तीन दिवसांत ताळ्यावर येतो. मी बेळगावात वडगावला राहतो. माडीवर असे चोवीस डबे आहेत, त्यातले सगळ्यात जुने २०१६ मधले. तुम्हाला आलेली प्रत्येक अडचण मला येऊन गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या डब्यांचे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक थंड देशांतले. ते सांगतात, हिवाळ्यात पाणी गोठून डबा फुटतो, तेव्हा रिकामा करून आत ठेवा. आपल्याकडे थंडीत डब्याला काहीच होत नाही. आपल्याकडे डबा फोडतं ते एप्रिल-मेचं ऊन, आणि झाड मारतो तो जुलैचा पाऊस. म्हणून उन्हाळ्यात प्लास्टिक सांभाळायचं आणि पावसाळ्यात मुळं. मी पहिली दोन वर्षं व्हिडिओप्रमाणे डिसेंबरात डबे रिकामे करत बसलो आणि मे महिन्यात ते उघडे ठेवले. सहा डबे हातात तुकडे होऊन आले.

आता काठ का तडकले ते. बादली उलटी करून बुडाचा त्रिकोण बघा. आत ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन, २ असेल तर एचडीपीई. रंगाच्या बादल्या बहुतेक ५ नंबरच्या असतात. दोन्ही प्लास्टिकं उन्हाने ठिसूळ होतात, पण ५ नंबर लवकर. काठावरून बोट फिरवा. पांढरी पूड बोटाला लागली तर वरचा थर मेला म्हणून समजा. अशी बादली भरलेली असताना काठाला धरून उचलली की तिथेच चीर जाते. ओला भरलेला डबा सहज अठरा-वीस किलोचा होतो. तो नेहमी बुडाखाली हात घालून दोघांनी उचलायचा. त्याहून चांगलं म्हणजे, एकदा ठेवला की हलवायचाच नाही.

उन्हापासून वाचवायला मी सगळे प्रकार करून पाहिले. नुसता पांढरा रंग मारला तर पहिल्या पावसात पापुद्रे निघतात, कारण या प्लास्टिकवर रंग धरत नाही. आधी काचपेपरने घासून, पुसून, प्लास्टिकसाठीचा प्रायमर मारून मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दिला तर तीन-चार वर्षं टिकतो, पण सहा डब्यांना तो खर्च आणि कष्ट परवडत नाहीत. खताची विणलेली प्लास्टिकची पोती गुंडाळू नका. एका उन्हाळ्यात त्यांचा भुगा होतो आणि ते धागे सगळ्या मातीत मिसळतात. सगळ्यात बरं म्हणजे तागाचं बारदान. बाजारात धान्याच्या दुकानात जुनं मिळतं. दुहेरी घडी करून काठ झाकेल असं गुंडाळायचं आणि सुताच्या दोरीने दोन ठिकाणी बांधायचं. दर वर्षी बदलावं लागतं, पण आतली बादली नव्यासारखी राहते. बारदानाचा दुसरा फायदा असा की उजेड आत जात नाही. तुमच्या बादल्या पांढऱ्या आहेत, उजेडाकडे धरल्या तर आरपार दिसत असणार. त्यातूनच पाण्याला हिरवं शेवाळ येतं.

ठेवायची जागाही बघा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीचा आडोसा तेव्हा कामाचा नसतो. डब्याची कूस भाजते ती तीन ते पाचच्या पश्चिमेच्या उन्हात. त्या बाजूला शेडनेटचा एक पडदा सोडा. डबे स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन-दोन विटा द्या आणि एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडते. विटा देताना डबा सपाट बसला आहे का ते बघा. कललेल्या डब्यात एका बाजूची माती पाण्यात बुडते आणि दुसरी कोरडी राहते.

करपलेल्या कडा आणि पांढरा थर ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. साध्या कुंडीत पाणी वरून घालतो, ते क्षार घेऊन खालून निघून जातं. वातीच्या डब्यात पाणी फक्त वर चढतं. वरून ते उडून जातं आणि बोअरच्या पाण्यातले व खतातले क्षार मातीच्या तोंडाशी साचत राहतात. तुम्ही बोअरचं पाणी वापरता असं लिहिलंय, आणि चिकोडी-अथणीकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी चांगलंच जड असतं. त्यात नळीतून महिन्याला दोनदा खताचं पाणी म्हणजे भरच. मिरची क्षाराला लवकर कंटाळते आणि पानांच्या कडा जाळून घेते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, मग ते आणखी पाणी भरतात.

उपाय सोपा आहे. वरची अर्धा इंच माती खरवडून टाका, ती दुसऱ्या कुंडीतही घालू नका. खालचं पाणी पूर्ण काढा. मग नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वरून, झारीने, सावकाश ओता. एका डब्याला दोन बादल्या तरी पाणी जाऊ द्या आणि खाली उतरलेलं सगळं बाहेर काढून टाका. बोअरच्या पाण्यावर असाल तर उन्हाळ्यात हे दर सहा आठवड्यांनी करा. मातीवर उसाचं पाचट किंवा शेंगांची टरफलं दोन बोटं जाड पसरा. तोंडावरून पाणी उडणं कमी झालं की थर साचायचंही कमी होतं. तुमच्याकडे पाचटाला काय तोटा!

आता वासाचा डबा. मला खात्रीने वाटतं, त्याचं जादा पाण्याचं भोक बुजलंय किंवा वर पाडलंय. या सगळ्या रचनेत महत्त्वाचं काही असेल तर ते भोक आहे. आतल्या बादलीच्या बुडाखाली बोटभर अंतरावर बाहेरच्या बादलीला ते पाहिजे. त्यामुळे पाणी आणि माती यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते, आणि फक्त वातीची वाटी, म्हणजे आतल्या बादलीच्या बुडातून खाली उतरणारी, वात असलेली वाटी, पाण्यात बुडते. पोकळी गेली की माती बुडते, मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. दर पंधरा दिवसांनी त्या भोकात काडी घालून बघायची. मुळं, माती, कोळ्याचं जाळं, काहीही अडकतं. दुसरं कारण म्हणजे नळीतून घातलेलं जीवामृत, ताक किंवा शेणाचं पाणी. या गोष्टी वरून मातीत घाला, साठ्यात कधीच नको. तिथे त्या फक्त कुजतात. वासाचा डबा आज उपसा, दोन्ही बादल्या वेगळ्या करा, बाहेरची घासून धुवा, काळी मऊ झालेली मुळं कात्रीने कापा आणि दोन-तीन दिवस खाली पाणी न भरता सावलीत ठेवा. खालून वास गेला की मगच पाणी.

निरोगी डब्यालाही असा कोरडा दिवस द्या. आठवड्याला साठा संपू द्यायचा, एक दिवस थांबून मग भरायचं. साठ्यात किती पाणी आहे ते कळायला मी बाटलीच्या बुचात बांबूची काडी खोचून नळीत सोडतो. काडी वर आली की भरलं, खाली गेली की संपलं.

वात कशाची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. सुती चिंधी असेल तर ती आत्तापर्यंत कुजली असणार. आमच्या वडगाव-शहापुरात माग आहेत, मी तिथलं वाया गेलेलं पॉलिस्टर सूत आणून त्याचा अंगठ्याएवढा जाड पीळ करतो. चार वर्षं काही होत नाही. तुम्ही नायलॉनची विणलेली दोरी घेतलीत तरी चालेल, फक्त ती गुळगुळीत एकसंध तारेची नको.

आणि माती. शेतातली काळी माती भरली असं वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण सहा डबे भरायची मेहनत मला माहीत आहे. काळी माती शेतात सोनं आहे, पण या डब्यात ती ओली झाली की गोळा होते आणि वाळली की आकसून वातीपासून सुटते. खानापूरकडची तांबडी मातीसुद्धा नुसती भरू नये. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग राइस मिलमधलं भाताचं तूस, असं बुट्टीने मोजून कालवा. चिरमुऱ्याच्या भट्टीवरचं काळं जळकं तूस मिळालं तर ते आणखी चांगलं, फक्त पांढरी राख झालेलं नको. वातीच्या वाटीत मात्र नुसतं कोकोपीट दाबून भरा, तूस नको, नाहीतर पाणी चढत नाही. वर्षा-दीड वर्षात हे मिश्रण खाली बसतं. दर वर्षी एक तृतीयांश काढून नवं घाला.

पावसाचं मात्र आत्ताच करा. वळीव होऊन गेला, मृग दोन आठवड्यांवर आला. बाहेरच्या बादलीला अगदी तळाशी, बुडाला टेकून, दुसरं भोक पाडा. ड्रिपच्या दुकानात रबरी ग्रोमेट (भोकात घट्ट बसणारं कडं) आणि त्यात बसणारं बूच मिळतं, उसाच्या पट्ट्यात ते कुठेही मिळेल. भोक ड्रिलने गोल पाडा. तापवलेल्या सळईने पाडलं की कडा जळते आणि तिथूनच पुढे चीर जाते. मृग लागला की बूच काढायचं. पाणी साठणारच नाही, डबा साधी कुंडी होतो आणि पहिले चार मोठे पाऊस वरचे क्षार फुकटात धुऊन नेतात. पाचट तेवढ्या काळापुरतं बाजूला करा, नाहीतर खाली गोगलगायी होतात. गणपती उठले, पाऊस उघडला की बूच परत बसवा. हा हिशोब निपाणी-बेळगावचा. जांबोटी-खानापूरकडे नवरात्रापर्यंत उघडं ठेवावं लागतं, अथणीकडच्या लोकांना जुलैतही काही आठवडे बूच लावावं लागेल.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या, ते बरोबर आहे. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नळीच्या तोंडाला आणि जादा पाण्याच्या भोकाला मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा बांधा, रबरबँडने नको, तो उन्हात तुटतो. बारीक तार घ्या. बहुतेकांच्या लक्षात न येणारी वाट म्हणजे दोन बादल्यांच्या काठांमधली फट. डास तिथून सरळ आत जातो. त्या फटीत जुन्या कापडाची पट्टी गच्च कोंबून घ्या. आणि सासूबाईंना हेही सांगा की पावसाळ्यात, म्हणजे डेंग्यूच्याच दिवसांत, तळाचं बूच उघडं असल्यामुळे डब्यात पाणीच नसेल. उन्हाळ्यात आठवड्याचा कोरडा दिवस चुकवला नाही तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही. रिकामे डबे पालथे ठेवताना आतून घासून ठेवा, त्या डासाची अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात.

तडकलेल्या दोन बादल्यांचं काय? आतली तडकली असेल तर चीर काठापुरतीच आहे ना बघा. तसं असेल तर काठाखाली तारेचा एक वेढा आवळून अजून एक वर्ष निघेल. बाहेरची, म्हणजे पाण्याची बादली तडकली असेल तर सोडून द्या. मळून लावायची सीलं किंवा सिलिकॉन या प्लास्टिकला धरत नाहीत. गल्लीत बादल्या-घागरी जोडणारे येतात त्यांच्याकडून त्याच नंबरच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून लावून घेता येतो, पण उन्हाने ठिसूळ झालेल्या बादलीला तो तुकडाही सहा महिन्यांत सुटतो.

त्यांच्या जागी हॉटेलातले किंवा बेकरीतले खाद्यतेलाचे १५ लिटरचे प्लास्टिकचे डबे घ्या. ते २ नंबरचे, जाड असतात आणि पालेभाजीसाठी रंगाच्या बादलीपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात. गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुवा. तुमच्या भागात शेतावर औषधाचे रिकामे कॅन भरपूर पडलेले असतात, कितीही चांगले दिसले तरी ते नकोत, फुलझाडांनाही नकोत.

मिरची उपटू नका. संकेश्वरी असेल तर एक वीत ठेवून छाटा, माती धुवा, पंधरा दिवस कुठलंही खत देऊ नका. नवी पालवी हिरवीगार, कडा न जळता आली की मग वरून मूठभर गांडूळखत. मेथी-कोथिंबिरीचं मात्र आता नको, बूच परत बसवाल तेव्हा पेरा.

बारदान आणायला जाल तेव्हा साखरेचं घेऊ नका. कितीही झटकलं तरी मुंग्या लागतात, आणि त्या मातीत शिरल्या की वातीभोवती घर करतात.