एम.एस्सी. झालंय म्हणून नोकरी देत नाहीत, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, नंतर तळोज्याला एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात होतो. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला म्हणून चिपळूणला परत आलो आणि आता इथेच राहायचंय. लोटे एमआयडीसीत प्लांट ऑपरेटर, लॅब असिस्टंट जे निघेल तिथे अर्ज टाकतोय. एका ठिकाणी इंटरव्ह्यू छान झाला आणि शेवटी म्हणाले, तुम्ही या पोस्टला ओव्हरक्वालिफाइड आहात. मी कमी पगारावर यायला तयार आहे, मग अडचण काय? मित्र म्हणतात बायोडेटातून एम.एस्सी. काढ, बीएस्सीच दाखव. काढू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढू नका. का ते सांगते, पण आधी समोरच्याच्या मनात काय चाललंय ते बघू.

कमी पगारावर येतो म्हटलं की त्याची काळजी मिटत नाही, उलट वाढते, कारण त्याला पगारापेक्षा हा माणूस टिकणार किती दिवस ही चिंता असते. रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीवर, नवीन ऑपरेटर एकट्याने बॅच सांभाळायला लागेपर्यंत काही महिने जातात, तोवर जुना माणूस त्याच्याबरोबर उभा करावा लागतो, आणि शिकून तयार झाला की पुण्याहून फोन येतो आणि हा जातो, मग शिफ्टला माणूस कमी, बाकीच्यांना ओव्हरटाइम, परत जाहिरात, परत इंटरव्ह्यू. आपल्या कोकणात ही भीती जरा जास्तच आहे, शिकलेली पोरं मुंबई-पुण्याला जातात हे इथल्या मॅनेजरने कंपनीत बघितलंय आणि स्वतःच्या घरातही. त्यामुळे एम.एस्सी. आणि तळोजा एवढं वाचलं की हा वर्षभरात जाणार असं तो धरूनच चालतो.

दुसरं, ऑपरेटरचं काम. त्यासाठी आयटीआयला एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट) हा खास ट्रेड आहे आणि कंपन्यांना तीच मुलं हवी असतात. बॅच शीटवर लिहिलंय तेवढंच तापमान, तेवढाच वेळ, त्याच क्रमाने, रोज. कोणी स्वतःच्या डोक्याने बदल केला तर रिअॅक्शन हाताबाहेर जाऊ शकते. जास्त शिकलेला माणूस कंटाळेल नाहीतर सुधारणा करायला जाईल असं शिफ्ट इन्चार्जला वाटतं, आणि इन्चार्ज बऱ्याचदा स्वतः डिप्लोमा किंवा बीएस्सी असतो, आपल्याहून शिकलेला हाताखाली नको हेही मनात असतं, फक्त ते कोणी बोलून दाखवत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. माणूस समोर बसलाय तर इथे का राहायचंय हे त्याला सरळ विचारा ना, डिग्री बघून परस्पर ठरवून कशाला टाकायचं! पण हे सगळीकडे चालतं. अमेरिकेत न्यू लंडन शहराच्या पोलीस भरतीत १९९६ मध्ये रॉबर्ट जॉर्डन नावाच्या उमेदवाराला ५० पैकी ३३ मार्क पडले आणि मुलाखतीला बोलावलं ते २० ते २७ वाल्यांना, जास्त हुशार माणूस कंटाळून ट्रेनिंगनंतर सोडून जाईल म्हणून. तो कोर्टात गेला, २००० मध्ये अपिलातही हरला, कारण नियम सगळ्यांना सारखाच लावला होता.

आता डिग्री लपवण्याचं. ओडिशात पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत अटच होती की बारावी पास हवा, ग्रॅज्युएट नको. एकाने पदवी लपवली, निवड झाली, नंतर कळलं आणि बँकेने त्याला घेतलं नाही. हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला होता पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, माहिती लपवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येणार नाही म्हणून. तुमच्या जाहिरातीत अशी अट नसेल, तरी प्रायव्हेट कंपनीच्या फॉर्मवरही सगळी माहिती खरी आहे म्हणून सही घेतात. शिवाय एम.एस्सी.ची दोन वर्षं काय करत होतात ते सांगावं लागेलच, आणि तळोज्याला पीएफ कापला जात असेल तर यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, जुनी कंपनी दिसते.

त्यापेक्षा ऑपरेटरच्या पोस्टचा नाद सोडा. क्यूसी, क्यूए (गुणवत्ता हमी) डॉक्युमेंटेशन, ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटची) लॅब इथे तुमचं शिक्षण कामाला येतं, तिथे अर्ज करा, आणि अर्जासोबत चार ओळी लिहा, त्यात पहिलीच ओळ बाबांची आणि इथे कायम राहण्याची. बायोडेटावर चिपळूणचाच पत्ता टाका, तळोज्याचा नको. ‘मिळेल ते करीन’ हे वाक्य कुठेच नको, त्याने माणूस अडलेला वाटतो, त्याऐवजी पगाराचा आकडा तुम्हीच सांगा आणि तो का चालेल तेही सांगा, घर स्वतःचं आहे, भाडं नाही, जे काय खरं असेल ते. ओळखीचं कोणी तिथे कामाला असेल तर त्याला आधी बोलायला सांगा, लोट्यात अजूनही त्याने फरक पडतो.

एक मात्र स्वतःला खरं विचारा, बाबा बरे झाले आणि चांगली ऑफर आली तर जाणार का? जाणार असाल तर ‘कायम’ म्हणू नका, दोन वर्षं नक्की आहे म्हणा, तेवढंही बऱ्याच जणांना पुरतं. बाँड मागितला तर घाईत सही करू नका, कोणाला तरी वाचायला द्या, आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतो म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या. बाबांना लवकर बरं वाटू दे.